देशोदेशीच्या गैरसमजांचा कार्ड सेट, चार महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, घ्यायचा का तर हो, घ्या. पण घेतल्यावर त्यातली दहा-पंधरा कार्डं बाजूला काढा आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच कार्डांवर स्वतः पेनाने साल लिहून ठेवा. असं का म्हणतेय ते खाली लिहिलंय, जरा लांबलंय पण वाचा, कारण या विषयाची मला खरंच तळमळ आहे आणि दोन ओळींत आटपण्यासारखा तो नाहीये.

माझं काम असं की दिवसभर वेगवेगळ्या देशांतल्या ग्राहकांशी आणि सहकाऱ्यांशी ऑनलाइन बोलायचं, आणि नवीन मुलं जॉइन झाली की पहिला आठवडा त्यांना तयार करायची जबाबदारी माझ्याकडे. मुलं हुशार असतात पण डोक्यात आधीच सगळं छापून आलेलं असतं. जर्मन म्हणजे घड्याळ, जपानी म्हणजे रोबोट, ग्रीक म्हणजे आळशी, रशियन म्हणजे बाटली, फ्रेंच म्हणजे पळपुटे, आणि कुठून आलं विचारलं तर सांगता येत नाही, बस सगळे म्हणतात म्हणून. आधी आमच्याकडे यावर एक स्लाइड होती, अमुक देशाच्या माणसाशी असं बोला, तमुकाशी तसं बोला, आणि माझं अगदी प्रामाणिक मत आहे की त्या स्लाइडने फायद्यापेक्षा नुकसान जास्त केलं, कारण मुलं समोरच्या माणसाचं ऐकायच्या आधी त्याचा देश बघायला लागली. म्हणून मी काहीतरी वेगळं शोधत होते आणि हा सेट सापडला.

बॉक्समध्ये शंभर कार्डं, एक वाळूचं घड्याळ आणि एक छोटी पुस्तिका. कार्डाच्या पुढच्या बाजूला लोक काय म्हणतात ते एका ओळीत, मागे खरं काय ते पाच-सहा ओळींत. खेळायची पद्धत सोपी, एकाने पुढची ओळ वाचायची, बाकीच्यांनी खरं, खोटं की अर्धवट ते ठरवायचं आणि का ते सांगायचं, मग कार्ड उलटायचं. कार्डांचा कागद जाड आहे, चार महिन्यांत कोपरे फारसे गेले नाहीत. मागचा मजकूर मात्र पिवळ्यावर करड्या अक्षरांत छापलाय, संध्याकाळच्या उजेडात डोळे बारीक करून वाचावं लागतं, हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही कळत नाही. वाळूचं घड्याळ आम्ही दुसऱ्याच दिवशी ठेवून दिलं, अशा विषयात घाई करून काय मिळणार.

आता कार्डांबद्दल. सगळ्यात चांगलं कार्ड कुठलं तर जर्मनीचं, आणि ते का चांगलं हे कळलं की अख्ख्या सेटची गोम कळते. पुढे लिहिलंय, जर्मन माल म्हणजे चोख आणि जर्मन माणूस म्हणजे वेळेचा पक्का. मागे पहिलीच ओळ १८७६ ची. त्या वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे फ्रान्झ रेउलो नावाच्या जर्मन इंजिनिअरनेच आपल्या देशाच्या मालाबद्दल लिहून पाठवलं की स्वस्त आणि वाईट. पुढे १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा खूण असेल तर तो कुठल्या देशात बनला तेही छापलंच पाहिजे, हेतू हा की जर्मनीचा हलका माल गिऱ्हाइकाला ओळखू यावा आणि त्याने तो घेऊ नये. म्हणजे ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का आधी बदनामीसाठी होता! आणि मग काही वर्षांतच माल इतका सुधारला की तोच शिक्का बघून लोक वस्तू घ्यायला लागले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कार्ड हातात घेऊन तशीच बसून राहिले. कारण शिक्का तोच, शब्द तेच, देश तोच, माणसंही बरीचशी तीच, आणि अर्थ पूर्ण उलटा. आणि हे सगळं कारखाने कसे चालले, शिक्षण काय दिलं, पैसा कुठे घातला यावर झालं, त्यासाठी कोणाचं रक्त बदलावं लागलं नाही.

वेळेच्या बाबतीत तर अजून मजबूत उदाहरण दिलंय. जर्मनीच्या सरकारी रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात, रद्द झालेली गाडी तर हिशोबातच नसते. बर्लिनच्या नवीन विमानतळाचं काम २००६ ला सुरू झालं, २०११ ला उघडायचा होता, उघडला ३१ ऑक्टोबर २०२० ला. हे वाचून आमच्या एका नवीन मुलाने लगेच म्हटलं, म्हणजे जर्मन लोक उशीर करणारे असतात तर. मी त्याला तिथेच थांबवलं. हीच तर चूक आहे ना, एक छाप पुसून लगेच दुसरी मारायची. रेल्वे उशिरा का येते तर रूळ, सिग्नल, पूल यांच्यावर वर्षानुवर्षं जितका पैसा घालायला हवा होता तितका घातला नाही आणि त्याच रुळांवर गाड्या मात्र वाढवल्या. विमानतळ का रखडला तर आग लागल्यावर धूर बाहेर काढायची यंत्रणा तपासणीत पास होत नव्हती आणि काम चालू असतानाच आराखडे बदलत गेले. आमच्या टीममध्ये जर्मनीची एक सहकारी आहे, ती त्या दिवशी कॉलवर होती, ती म्हणाली की मी रोज ट्रेनने जाते आणि रोज अर्धा तास आधीची ट्रेन पकडते कारण माझ्या ट्रेनवर माझा भरवसा नाही, म्हणून मी मीटिंगला वेळेवर असते. मुलगा गप्प झाला. त्यानंतर त्याने जे विचारलं ते मला फार आवडलं, तो म्हणाला, मग आधीची ट्रेन सुटायची वेळ किती वाजताची असते. म्हणजे तो आता तिच्याबद्दल विचारत होता, देशाबद्दल नाही.

ग्रीसच्या कार्डाचा प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्या दिवसापासून मी सेट वापरायची पद्धतच बदलली. एका बॅचमध्ये कार्ड निघालं, पुढची ओळ होती की ग्रीक लोक काम करत नाहीत. एका मुलाने जोरात वाचलं आणि सगळ्यांनी पटापट बोटं वर केली, खरं खरं म्हणून, आणि कॉलवर ग्रीसची आमची सहकारी होती हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ती काही बोलली नाही. तिने फक्त कॅमेरा बंद केला, मिनिटभराने परत चालू केला आणि शांतपणे म्हणाली, मागची बाजू वाचा. मागे आकडे होते. २०२२ मध्ये ग्रीसमध्ये एक काम करणारा माणूस सरासरी वर्षाला १,८८६ तास काम करत होता, जर्मनीत १,३४१. मुलं एकदम चाट पडली. मग ती बोलली, की २०१० च्या आसपास कर्जाचं संकट आलं तेव्हा मी कॉलेजमध्ये होते, वडिलांचं छोटं दुकान होतं, ते सकाळी सातला उघडायचे आणि रात्री नऊला बंद करायचे, आणि टीव्हीवर रोज ऐकायचे की आपण आळशी आहोत. २०११ मध्ये तर जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनीच जाहीर भाषणात म्हटलं होतं की ग्रीस, स्पेन, पोर्तुगालमधल्या लोकांनी जर्मनांपेक्षा लवकर निवृत्त व्हायला नको. एवढ्या मोठ्या व्यासपीठावरून बोललं गेल्यावर सामान्य माणूस दुसरं काय समजणार.

पण इथे कार्ड कमी पडतं बरं का, आणि हे मला ठामपणे सांगायचंय. कार्डावर नुसते दोन आकडे टाकून दिलेत आणि खाली लिहिलंय की खरे मेहनती ग्रीकच. असं नाही होत. ग्रीसमध्ये स्वतःचं दुकान, शेती, छोटा धंदा सांभाळणाऱ्यांचं प्रमाण खूप जास्त आहे आणि अशा माणसाला घड्याळ नसतं, जर्मनीत अर्धवेळ नोकरी करणारे खूप आहेत, त्यात बायका जास्त, त्यामुळे तिथली सरासरी खाली येते. आणि तास जास्त भरले म्हणून तासाला माल जास्त निघतो असंही नाही, ते यंत्रं, भांडवल, कंपनीचा आकार यावर असतं. म्हणजे ग्रीक दुकानदार दिवसाला चौदा तास उभा आहे आणि तरी देश कर्जात आहे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि यात कोणाचा स्वभाव कुठेच येत नाही. हे समजावून सांगितलं की मुलांचे डोळे उघडतात, नुसता आकडा तोंडावर मारला की ती पाठ करतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात. मी त्या कार्डाच्या मागे हे सगळं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय. आणि तेव्हापासून नियम केलाय की ज्या देशाचा माणूस कॉलवर असेल त्याला आधी कार्ड दाखवायचं, चालेल का विचारायचं, आणि मग खेळायचं.

स्पेनचं कार्ड याच रांगेतलं पण जास्त चांगलं लिहिलंय. लोक म्हणतात स्पेनमध्ये सगळे उशिरा जेवतात, उशिरा झोपतात, दुपारी झोपा काढतात. कारण दिलंय १९४० चं. त्या वर्षी मार्चमध्ये तिथला हुकूमशहा फ्रँको याने देशाची घड्याळं एक तास पुढे करून मध्य युरोपच्या वेळेला लावली आणि दुसरं महायुद्ध संपल्यावरही ती परत मागे घेतली नाहीत. नकाशा बघा, स्पेन ब्रिटनच्या खाली येतो, पण घड्याळ बर्लिनचं. त्यामुळे माद्रिदमध्ये हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येतो सव्वा वाजता आणि उन्हाळ्यात सव्वादोनला. मग दोन-अडीचला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशोबाने वेळेवरच जेवतोय की! हे मी नकाशा शेअर करून दाखवते तेव्हा दरवेळी कोणीतरी ओह म्हणतंच.

जपानची सेटमध्ये तीन कार्डं आहेत आणि त्यातल्या एकासाठी अख्ख्या सेटचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन. पुढची ओळ, जपानी लोकांच्या रक्तातच वक्तशीरपणा आहे. आता २०१७ मध्ये तिथल्या एका रेल्वे कंपनीने गाडी २० सेकंद लवकर सुटली म्हणून जाहीर माफी मागितली होती, हे खरं आहे, मुलांना हे माहीतही असतं. पण मागे दिलंय १८५७ चं. त्या साली विलेम व्हान काटेन्डाइके नावाचा डच नौदल अधिकारी नागासाकीला जपानी लोकांना जहाजांचं प्रशिक्षण द्यायला गेला आणि त्याची तक्रार काय, तर हे लोक वेळ पाळत नाहीत. दुरुस्तीचं लाकूड भरतीच्या वेळेला यायला हवं ते येत नाही, कामगार एकदा येऊन जातो तो परत दिसतच नाही. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी जपानी माणसाची परदेशात छाप होती ती बरोबर उलटी.

आणि मग कारण, जे मला सगळ्यात सुंदर वाटतं. जुन्या जपानमध्ये तास सारखे नसायचे. सूर्योदय ते सूर्यास्त याचे सहा भाग आणि सूर्यास्त ते सूर्योदय याचे सहा भाग. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब आणि रात्रीचा आखूड, हिवाळ्यात उलटं. त्यासाठी तिथल्या घड्याळजींनी खास घड्याळं बनवली होती ज्यांचे काटे किंवा वजनं ऋतूप्रमाणे हलवावी लागायची. आता अशा देशात तुम्ही मिनिट आणि सेकंदाचा हिशोब मागितलात तर तो माणूस तुम्हाला आळशी वाटणार, आणि त्याला तुम्ही विचित्र वाटणार. मग १ जानेवारी १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य कॅलेंडर आणि चोवीस सारख्या तासांचा दिवस घेतला, रेल्वे नुकतीच सुरू झालेली, कारखाने आले, शाळांची घंटा आली, आणि तरीही लोकांना सवय लावावी लागली, इतकी की १९२० मध्ये खास वेळेचा दिवस ठरवला, १० जून, लोकांनी वेळेचं महत्त्व ओळखावं म्हणून. तो दिवस अजून आहे तिथे. रक्तात असतं तर असा दिवस पाळायची गरज पडली असती का? मी हे कार्ड नेहमी शेवटी ठेवते आणि वाचून झाल्यावर काही बोलत नाही, मुलांनाच बोलू देते.

जपानचं दुसरं कार्ड म्हणजे सगळं हायटेक असतं तिथे, त्याचं उत्तर छोटंसं आणि मस्त, की सरकारी कामात फ्लॉपी डिस्क लागायची असे हजारावर नियम होते आणि ते काढून टाकायचं काम २०२४ मध्ये पूर्ण झालं. तिसरं कार्ड नम्रपणाचं, ते अगदीच पोकळ आहे, मी काढून ठेवलंय.

आता जिथे खरंच राग आला ते. फ्रान्सचं कार्ड. पुढे, फ्रेंच लगेच शरण जातात. मागे, चूक, फ्रेंच हे युरोपातले सर्वांत शूर योद्धे. बस, एवढंच. अरे हे काय उत्तर झालं का? एक ठोकळा काढून दुसरा ठेवला. इथे किती काही सांगण्यासारखं होतं. १९४० मध्ये जर्मनीच्या हल्ल्यापुढे फ्रान्स सहा आठवड्यांत पडला हे खरं, पण त्या सहा आठवड्यांत हजारो फ्रेंच सैनिक मेले, आणि उत्तरेतल्या लील शहराजवळ वेढले गेलेले फ्रेंच सैनिक मेच्या शेवटी चार दिवस लढत राहिले म्हणून किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याला बोटींवर चढायला जास्त वेळ मिळाला. त्याआधीच्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांवर सैनिक गेले, गावागावांत त्या नावांचे दगड उभे आहेत. आणि पळपुटेपणाचा शिक्का जोरात फिरला तो २००३ मध्ये, कारण फ्रान्सने इराक युद्धाला विरोध केला, तेव्हा अमेरिकेच्या संसदेच्या कँटीनमध्ये फ्रेंच फ्राइजचं नावसुद्धा बदललं होतं. म्हणजे राग एका राजकीय निर्णयाचा आणि खापर फुटलं आजोबा-पणजोबांच्या डोक्यावर. हे कार्डावर का नाही?

याच विषयाला धरून पुस्तिकेत मात्र एक गोष्ट आहे जी मला आधी माहीत नव्हती आणि त्यासाठी पुस्तिका लिहिणाऱ्याचे मनापासून आभार. व्हिएन्नाच्या लोककला संग्रहालयात अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक चित्र आहे, त्यात युरोपातल्या दहा लोकांची ओळीने चित्रं काढलीत आणि खाली तक्ता आहे, पोशाख कसा, दोष कुठला, आजार कुठला, वेळ कसा घालवतात असं सगळं. शेवटच्या ओळींत हे लोक मरतात कुठे तेही लिहिलंय! स्पॅनिश माणूस अंथरुणात, जर्मन दारूत, इंग्रज पाण्यात, रशियन बर्फात. आणि फ्रेंच माणूस? युद्धात. पुस्तिकेत त्या तक्त्याचा फोटो अर्ध्या पानाचा आहे, मोठा हवा होता, तरी बघताना अंगावर काटा येतो कारण पद्धत बघा, आजच्या आमच्या त्या ट्रेनिंग स्लाइडची आणि त्या चित्राची पद्धत एकच आहे, वर देश आणि खाली रकाने.

पुस्तिकेतच ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द कुठून आला तेही आहे. मूळ छापखान्यातला शब्द, अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये रूढ झाला, जुळवलेल्या अख्ख्या पानाचा धातूचा ठसा काढून ठेवायचा म्हणजे पुन्हा पुन्हा अक्षरं जुळवायला नकोत, तोच ठसा लावून हव्या तेवढ्या प्रती. माणसांबद्दलच्या ठोकळेबाज कल्पनांसाठी हा शब्द १९२२ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने वापरला आणि तिथून तो रुळला. आपण मराठीत सहज म्हणतो ना, माझ्या मनावर त्याची छाप पडली, ठसा उमटला, तेच ते. मुलांना हे सांगितलं की त्यांना पटकन कळतं की आपण प्रत्येक माणसासाठी अक्षरं नव्याने जुळवायचा कंटाळा करतोय.

अजून एक पान आहे रोगाच्या नावांचं, ते वाचाच. सिफिलिस हा गुप्तरोग युरोपात पसरला तेव्हा इटलीवाले त्याला फ्रेंच रोग म्हणायचे, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणायचे, रशियन पोलंडचा म्हणायचे. आपल्याकडच्या जुन्या वैद्यकात तर फिरंगरोग हा शब्द आहेच. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकला.

बाकी कार्डांवर भराभर. कॅनडाचे लोक उठसूट सॉरी म्हणतात, हे कार्ड छान, कारण तिथल्या ऑन्टारिओ प्रांतात २००९ ला कायदाच केलाय की माफी मागितली म्हणजे दिवाणी कोर्टात चूक कबूल केली असं धरायचं नाही. ब्रिटिशांच्या खराब दातांचं कार्ड ठीक, २०१५ च्या एका अभ्यासात इंग्लंडच्या लोकांचे पडलेले दात अमेरिकन लोकांपेक्षा सरासरीने थोडे कमीच निघाले, फरक आहे तो दात पांढरेशुभ्र आणि एका रेषेत करून घेण्यात, आणि तो पैशाचा आणि आवडीचा प्रश्न. अमेरिकन लोकांकडे पासपोर्ट नसतो यावर चांगलं लिहिलंय, १९९० च्या सुमारास वीसातल्या एकाकडे असेल, आता जवळपास निम्म्यांकडे आहे, आणि आधी कॅनडा-मेक्सिकोला जायला लागतच नव्हता, २००७ ते २००९ च्या दरम्यान नियम बदलले. रशियाच्या कार्डावर आकडा आहे की २००३ ते २०१६ मध्ये तिथलं दारूचं प्रमाण ४३ टक्क्यांनी घटलं, पण मूळ कारण दिलेलं नाही की झारच्या काळात सरकारच्या तिजोरीचा मोठा हिस्सा व्होडकाच्या करातून यायचा, म्हणजे लोकांनी प्यावं यात सरकारचाच फायदा होता. आणि मग कर वाढवला, रात्रीची विक्री बंद केली, जाहिराती थांबवल्या, की तोच रशियन माणूस कमी प्यायला लागला.

ऑस्ट्रेलियाचं कार्ड, हे लोक कैद्यांचे वंशज, मागे फक्त ‘अतिशयोक्ती’ एवढा एकच शब्द. वाईट वाटलं. १७८८ ते १८६८ मध्ये साधारण १,६२,००० कैदी नेले, हे खरंच, पण १८५० च्या दशकात सोनं सापडल्यावर वीस वर्षांत तिथली लोकसंख्या जवळपास चौपट झाली, ती आपखुशीने आलेल्यांमुळे. आणि त्या कैद्यांत कित्येक जण किरकोळ चोरीसाठी जन्मभर घरापासून तुटलेले गरीब लोक होते. शिवाय १७७६ च्या आधी ब्रिटन आपले कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवायचा, सुमारे पन्नास हजार, पण अमेरिकनांना कोणी असं म्हणत नाही. ही तुलना मी मुलांसमोर ठेवली तेव्हा एक मुलगी म्हणाली, मॅम, म्हणजे ज्याची गोष्ट जास्त वेळा सांगितली तो फसला. मी ते वाक्य कार्डावर लिहून ठेवलंय, तिला विचारून.

आणि आता मुख्य तक्रार, ज्यासाठी मी दीड स्टार कापलाय. आफ्रिकेला एक कार्ड. एक! पुढे लिहिलंय, आफ्रिकेत लोक गरीब असतात. मागे लिहिलंय, सगळे नाही. चोपन्न देश आहेत तिथे, इथिओपियाची स्वतःची लिपी आणि स्वतःचं कॅलेंडर, नायजेरियात पाचशेच्या आसपास भाषा, मॉरिशस आणि नायजरमध्ये काहीच सारखं नाही. गैरसमज मोडायला निघालेल्या सेटने सगळ्यात मोठा गैरसमज, की आफ्रिका हा एक देश आहे, तोच पक्का करून ठेवलाय. युरोपला मात्र एकट्यालाच बेचाळीस कार्डं आहेत. मी बनवणाऱ्यांना सविस्तर मेल लिहिली, उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत विचार करू. ठीक आहे, वाट बघतेय. तोपर्यंत आम्ही टीममध्ये कोऱ्या कार्डांवर स्वतः दहा देशांची कार्डं लिहायला घेतलीत, केनियाचा एक सहकारी दर शुक्रवारी अर्धा तास बसतो आमच्याबरोबर, आणि अट एकच, मागच्या बाजूला साल आणि कारण असल्याशिवाय कार्ड बॉक्समध्ये जायचं नाही.

एक आक्षेप बरेच जण घेतात तो पण लिहिते, की काहीतरी तथ्य असल्याशिवाय का लोक बोलतात, आगीशिवाय धूर निघत नाही. पुस्तिकेच्या शेवटी याचं उत्तर आहे. २००५ मध्ये एक मोठा अभ्यास आला, ४९ संस्कृतींमधल्या लोकांना विचारलं की तुमच्या देशाचा माणूस सर्वसाधारणपणे कसा असतो, आणि ते ताडून पाहिलं त्याच देशांतल्या माणसांच्या प्रत्यक्ष मोजलेल्या स्वभावाशी. मेळच बसला नाही. कॅनडाच्या लोकांना वाटतं आपण फार मवाळ, अमेरिकनांना वाटतं आपण फार रोखठोक, मोजलं तर दोघे जवळपास सारखेच. आणि हे तर लोक स्वतःबद्दल बोलत होते, परक्याबद्दल नाही! त्याच्याही आधी १९३३ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या शंभर विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या लोकांसाठी विशेषणं निवडायला दिली होती, तुर्की लोकांना त्यांनी क्रूर ठरवलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात तुर्की माणूस पाहिलाही नसेल. त्याच यादीत जपानी माणूस तेव्हा हुशार आणि कष्टाळू होता, जपानशी झालेल्या महायुद्धानंतर १९५१ मध्ये पुन्हा विचारलं तर तो कावेबाज झालेला. धूर होता, पण आग दुसरीकडे कुठेतरी लागली होती. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एकाच भांड्यात शिजलेला असतो म्हणून, कोट्यवधी माणसं एका भांड्यात शिजत नाहीत.

तर माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. शिकवणाऱ्यांनी, परदेशातल्या लोकांबरोबर काम करणाऱ्यांनी, हॉस्टेलवर वेगवेगळ्या देशांची मुलं एकत्र राहतात त्यांनी नक्की घ्या. नुसता पार्टी गेम म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, कारण पुढची बाजू वाचून हसायचं आणि मागची वाचायचीच नाही असं दोन ठिकाणी मी पाहिलंय आणि मग हा सेट उलट काम करतो. दहा वर्षांखालच्या मुलांना तर अजिबात नको, त्यांना ज्या गोष्टी माहीतच नाहीत त्या पुढच्या बाजूने कशाला शिकवायच्या.

सोमवारी नवीन बॅच येतेय. ग्रीसच्या सहकारीने स्वतःहून विचारलंय की या वेळी ते कार्ड मी वाचू का, मागच्या बाजूपासून सुरुवात करून. ते बॉक्समध्ये सगळ्यात वर ठेवलंय.